फ्लॅक की एमपी३: पावसाळ्यापासून वापरतोय, त्याचा अनुभव

घरातल्या शास्त्रीय संगीताच्या सीडी पावसाळ्याच्या तोंडावर फ्लॅकमध्ये (काहीही न गाळता फाइल लहान करणारा प्रकार) उतरवल्या आणि त्यावरून १२८, १९२ आणि ३२० केबीपीएसचे (सेकंदाला इतके हजार बिट) एमपी३ बनवले. तेव्हापासून नाशिकात इंदिरानगर ते सातपूर कंपनीच्या बसमध्ये आणि रात्री घरी वायरच्या हेडफोनवर हेच ऐकतोय.

१२८ बाद. गाणाऱ्याचा आवाज बरा येतो, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही. तानपुरा ऐका. जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या खास घडणीमुळे, तारेतून जी झळाळी उठत राहते ती बोथट होते. अशा फाइलमध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचे फार उंच स्वर कापतात, पण पन्नाशीतल्या कानांना तिथलं तसंही काय ऐकू येणार! खरी गोम त्याखालच्या स्वरांत आहे. मोठ्या आवाजाआड दबलेला बारीक आवाज कानाला कळत नाही, या हिशोबाने एमपी३ तपशील गाळतो. बिट अपुरे पडले की कळणारंही गाळतो. मग तबल्याचा किनारीवरचा ‘ना’ फिसकटतो, ठोक्याच्या किंचित आधीच खरखर उमटते. मैफलीतल्या टाळ्या तर पत्र्यावर पाऊस पडावा तशा.

१९२ला यातलं बरंच सावरतं. ३२० आणि फ्लॅकमधला फरक? मुलीला नावं झाकून फाइल लावायला सांगितल्या. माझी उत्तरं निव्वळ अंदाजपंचे. ती मजेत हसत होती.

तरी फ्लॅक ठेवणारच. सीडीचे १४११ केबीपीएस तो एकही बिट न गमावता साधारण निम्म्यावर आणतो. उद्या ऑपससारख्या दुसऱ्या एखाद्या प्रकारात फाइल करायच्या झाल्या तर मूळ हाताशी हवं, कारण एमपी३वरून पुन्हा काही बनवलं की आणखी गळती. फोनमध्ये मात्र ३२०च: तासाभराचा राग १४४ एमबी.

ब्लूटूथवर फ्लॅकचा हट्ट कशाला, तेच कळत नाही. साध्या एसबीसी कोडेकवर (ब्लूटूथची आवाज लहान करून पाठवायची नेहमीची पद्धत) फोन गाणं पुन्हा दाबूनच पाठवतो, सहसा ३२८ केबीपीएसपर्यंत. त्यात त्र्यंबक रोडवर बसची घरघर. तिथे १९२ पुरे.

फुकटात मिळालेल्या ‘३२०’वर मात्र डोळे झाकून विसंबू नका. एका मित्राच्या पेनड्राइव्हमधली भजनं कुठल्या उंचीपर्यंतचे स्वर आहेत ते आलेखात दाखवणाऱ्या स्पेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर सगळ्यांचा आलेख १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखा सपाट. कुणीतरी १२८चेच ३२० करून ठेवले होते. जागा अडीचपट, आवाज तोच. पुसून टाकले.