चुनखडीतलं तेल: कोअर, लॉग की वेल टेस्ट?

नव्या विहिरीत कोणता डेटा घ्यायचा हे ठरवताना खर्चाचा प्रश्न येतोच. कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढायचा, चांगले लॉग (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या नोंदी) घ्यायचे, की तोच पैसा लांब वेल टेस्टवर (विहीर वाहवून दाब तपासण्यावर) लावायचा? वालुकाश्मात निवड थोडी चुकली तरी निभावतं, कारण तिथे पोरॉसिटी (छिद्रांचं प्रमाण) वाढली की पर्मिअबिलिटीही (द्रव वाहू देण्याची क्षमता) बहुधा वाढते. चुनखडी आणि डोलोमाइट या कार्बोनेट खडकांत हा आधार सुटतो. 25 टक्के पोरॉसिटीचा खडूसारखा थर एक-दोन मिलिडार्सीवर (पर्मिअबिलिटीचं एकक) अडून बसतो आणि 5 टक्क्यांचा भेगाळ थर विहीर धो धो वाहवतो. 1908 साली इराणमध्ये मस्जिद सुलेमानला तेल उसळलं ते भेगाळ अस्मारी चुनखडीतूनच.

म्हणून कार्बोनेटमध्ये ‘छिद्रं किती’ यापेक्षा ‘छिद्रं कसली’ हे आधी विचारावं: कणांमधली, सुटी पडलेली पोकळी (वग), एकमेकांना जोडलेली पोकळी, की भेगा? प्रत्येक साधन यातलं काही दाखवतं आणि काही लपवतं. माझी निवड याच कसोटीवर ठरते.

लॉगची मोठी सोय म्हणजे वरपासून खालपर्यंत अखंड नोंद, तीही कोअरच्या मानाने स्वस्तात. पण लॉगचा आकडा हे मोजमाप कमी आणि अर्थ लावणं जास्त असतं. डेन्सिटी (घनता) लॉगवर 2.58 ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर दिसलं, असं धरा. छिद्रांत साधं पाणी मानून खडक चुनखडी (छिद्रं वगळता घनता 2.71) समजलात तर पोरॉसिटी साडेसात टक्क्यांच्या आसपास येते. तोच खडक डोलोमाइट (2.87) निघाला तर ती साडेपंधरा टक्के होते, म्हणजे थेट दुप्पट. त्यामुळे खडक ओळखायला मदत करणारं न्यूट्रॉन आणि फोटोइलेक्ट्रिक वाचन सोबत नसेल, तर एकट्या डेन्सिटीवर मी विसंबणार नाही.

छिद्रांत तेल किती आणि पाणी किती, हा हिशोब तर याहून नाजूक. खडकाच्या विद्युत-रोधावरून पाण्याचं प्रमाण काढणारं आर्चीचं 1942चं समीकरण वालुकाश्मावर बेतलेलं आहे. त्यातला सिमेंटेशनचा घातांक (छिद्रं एकमेकांना कशी जोडलेली आहेत ते दाखवणारा आकडा) 2 धरून 20 टक्के पोरॉसिटीच्या थरात 25 टक्के पाणी निघालं, तर घातांक 3 धरताच ते 56 टक्के होतं. सुट्या वगांच्या खडकात घातांक 3 असणं मुळीच दुर्मीळ नाही. उलट भेगांमुळे तो 2च्या खाली येतो. ज्या थरातून तेल काढायचं ठरवलं होतं तो थर एका गृहीतकापायी पाण्याचा ठरू शकतो, आणि याचा निकाल प्रयोगशाळेतल्या कोअरवरच लागतो. सोनिक लॉगची एक खुबी मात्र वापरून घ्यावी: ध्वनिलहर सुट्या वगांना बरीचशी वळसा घालते, म्हणून डेन्सिटी-न्यूट्रॉनची पोरॉसिटी सोनिकपेक्षा ठळक जास्त आली तर वगांचा संशय घ्यावा. एनएमआर (चुंबकीय अनुनादाचा लॉग) घेणार असाल तर अडकलेला आणि वाहता द्रव वेगळा करणारी वालुकाश्माची 33 मिलिसेकंदांची सीमा इथे लावू नका. कार्बोनेटसाठी साधारण 90पासून सुरुवात करतात आणि तीही कोअरवर ताडून घ्यावी लागते.

कोअरची सर कशालाच नाही. निळं रेझिन भरलेला पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की छिद्रं निळी उठून दिसतात. अर्ध्या छेदावर अलिझरीन रेड लावलं की कॅल्साइट लालसर होतं, डोलोमाइट कोरंच राहतं. एवढ्या कामातून चिखल किती, कण किती, छिद्रं मूळची की नंतर विरघळून झालेली, हे सगळं कळतं. पण कोअर पक्षपाती असतो. वगाळ, भेगाळ पट्टा बॅरलमध्येच (कोअर काढणाऱ्या नळीत) चुरा होतो, म्हणजे नेमका सर्वांत वाहता भाग हाती लागत नाही. त्यातून मोजणीसाठी एक-दीड इंची तुकडा (प्लग) कापताना हात आपोआप अखंड जागेकडे जातो. सौदीतल्या घवारच्या अरब-डी थरात काही फूट जाडीचे ‘सुपर-के’ (अतिशय वाहते) पट्टे विहिरीच्या प्रवाहाचा मोठा वाटा देतात. असा पट्टा प्लगच्या सरासरीत हरवतो. त्यामुळे पूर्ण व्यासाच्या कोअरवर मोजणी मागा, सीटी स्कॅनही.

इमेज लॉग (विहिरीच्या भिंतीचं चित्र) हा लॉग आणि कोअरमधला दुवा. भेगांची दिशा आणि उतार तो छान देतो. मात्र चिकणमातीने भरलेली भेगही विद्युत-प्रतिमेत उघडीसारखीच काळी दिसते.

वेल टेस्ट शेकडो मीटरपर्यंतचा खडक पाहते, म्हणून पर्मिअबिलिटीवर मी तिचाच शब्द शेवटचा मानतो. दाबाच्या डेरिव्हेटिव्ह आलेखात दरी दिसली तर भेगा आणि मॅट्रिक्स (भेगांमधला खडक) अशी दुहेरी व्यवस्था असल्याचा संशय घ्यावा. वॉरन आणि रूट यांनी 1963 साली त्याचं गणित मांडलं. पण वाहणारा थर कोणता हे टेस्ट सांगत नाही, त्यासाठी प्रॉडक्शन लॉग (कोणत्या खोलीवर किती प्रवाह येतो ते मोजणारा) हवा.

तेव्हा पहिल्या-दुसऱ्या मूल्यांकन विहिरीत पैसा कोअरवर घाला, तोही संपूर्ण रिझर्व्हॉयरमधून, आणि टेस्ट वगळू नका. पुढच्या विकास विहिरींत नेहमीचे लॉग आणि इमेज लॉग पुरतात, कारण घातांक आणि सीमा तोवर कोअरवर ठरलेल्या असतात. आणि निर्णय काहीही होवो, ड्रिलिंगची रोजची नोंदवही मागून घ्या. मड (खोदकामाचा द्रव) किती खोलीवर गायब झाला, बिट (खोदणारं टोक) किती खोलीवर अचानक खाली घसरला, हे कोअर न मिळालेल्या फुटांशी जुळवून पाहा. हा डेटा आधीच हातात असतो, त्याला वेगळा पैसा पडत नाही.