ब्लेंडरमधलं पाणी आणि त्याला अडवणाऱ्या वस्तू: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधलं फ्लुइड सिम्युलेशन, म्हणजे पाण्याची हालचाल गणिताने घडवणं, माझ्या रोजच्या कामात आहे. २०२० मध्ये २.८२ आवृत्तीत मँटाफ्लो आलं, तीच ही यंत्रणा. फेस, लाटा, रंग यांवर पुष्कळ लिहिलं जातं. मला लिहायचंय ते पाणी वस्तूला भिडतं त्या जागेबद्दल, कारण शॉट जमतो किंवा फसतो तो तिथेच.

नाशिकमध्ये वाइनची कामं येत राहतात. ग्लासात वाइन ओतायची, एवढाच शॉट. ग्लासला इफेक्टर, म्हणजे पाण्यावर परिणाम करणारी वस्तू केलं, प्रकार कोलिजन (अडवणारा) ठेवला, तरी वाइन काचेतून झिरपते. डोमेनची, म्हणजे ज्या खोक्यात सिम्युलेशन चालतं त्याची, सर्वांत लांब बाजू ४० सेंटीमीटर आणि रेझोल्यूशन (त्या बाजूवरची घरं) १२८ असेल, तर जाळीचं एक घर साधारण ३ मिलिमीटरचं होतं. काच असते एखाद्या मिलिमीटरची. एवढी पातळ भिंत त्या जाळीत नीट पकडलीच जात नाही. रेझोल्यूशन दुप्पट करावं तर घरं आठपट होतात आणि बेक, म्हणजे सगळं आधी मोजून साठवणं, रात्रभर चालतो. इफेक्टरचं सरफेस थिकनेस (पृष्ठभागाची जाडी) वाढवून गळती थांबते खरी, पण ती जाडी आतल्या बाजूलाही चढते आणि वाइन काचेपासून सुटी दिसते. म्हणून मी दोन ग्लास ठेवतो: एक दाखवायचा, एक अडवायचा. अडवायच्या ग्लासची भिंत फक्त बाहेरच्या बाजूने जाड करायची, आतला पृष्ठभाग दोन्हींचा तंतोतंत एक, आणि रेंडरमध्ये, म्हणजे अंतिम चित्रात, अडवायचा ग्लास बंद. हे इतकं खात्रीने चालतं की आता मी बाकीच्या सेटिंगला हात लावायच्या आधी हेच करतो.

गोदावरीच्या पुराचं काम वेगळं निघालं. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय त्यावरून नाशिककर पूर मोजतो, त्यामुळे मूर्तीभोवतीचं पाणी खोटं दिसून चालणार नव्हतं. खांद्याच्या उतारावरून ओघळणारं पाणी जिन्यासारखं टप्प्याटप्प्याने उतरत होतं. डोमेनमधलं फ्रॅक्शनल ऑब्स्टॅकल्स चालू केलं आणि ओघ एकसंध झाला. त्यातला ऑब्स्टॅकल थ्रेशोल्ड (अडसराच्या घरात किती पाणी चालेल ते) फार कमी केला की टप्पे आणखी मिटतात, पण पाण्याचे कण दगडाला चिकटून राहतात. ऑब्स्टॅकल डिस्टन्स (पाणी आणि अडसर यांतलं अंतर) शून्यापेक्षा किंचित वर ठेवलं की पाणी सुळकन सरकतं.

धरणाच्या दरवाजासाठी इफेक्टर चालू-बंद करणाऱ्या यूज इफेक्टरवर कीफ्रेम, म्हणजे ठरल्या क्षणी बदलणारी नोंद, लावता येते. ठरल्या फ्रेमला अडसर बंद, पाणी मोकळं. ही सोय मला मनापासून आवडते. वस्तू वेगाने फिरत असेल तर तिच्या इफेक्टरचे सॅम्पलिंग सबस्टेप्स (दोन फ्रेमच्या मधले मोजायचे टप्पे) वाढवा, नाहीतर दोन फ्रेमच्या मधल्या जागेतलं पाणी तिला लागतच नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. थ्रेशोल्ड आणि डिस्टन्स सगळ्या डोमेनला मिळून एकच. मूर्तीवर पाणी थोडं रेंगाळावं आणि घाटाच्या पायऱ्यांवरून झरकन जावं, असं वेगवेगळं सांगता येत नाही. ही दोन्ही सेटिंग वस्तूगणिक मिळायला हवीत. सध्या मी आकडे मूर्तीला जुळतील असे ठेवतो आणि पायऱ्यांचा अडवायचा मेश (थ्रीडी आकार) मुद्दाम गुळगुळीत, कडा गोल केलेला वापरतो.