ब्रॅडफर्डचं पीस स्टडीज: कुणी जावं, कुणी थांबावं

ज्यांनी आधी दोन भांडणाऱ्या माणसांच्या मध्ये बसून काम केलंय, त्यांनी हा कोर्स जरूर करावा. बी.ए. झाल्या झाल्या, संयुक्त राष्ट्रांत नोकरी लागेल या आशेवर निघाला असाल, तर दोन-तीन वर्षं थांबा. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात पीस स्टडीजचं, म्हणजे संघर्ष आणि शांतता यांच्या अभ्यासाचं, एक वर्षाचं एम.ए. करून मी परत आलेय. मराठीत याबद्दल मला काहीच वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मी मराठवाड्यात कायदा-सहाय्याचं काम करायचे. बांधाचे वाद, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, भावकीतल्या वाटण्या. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ साली सुरू झाली, तिच्या समित्यांच्या बैठकांना खूप बसलेय. दोघांना समोरासमोर बसवायचं, ‘थोडं तू सोड, थोडं तो सोडेल’ म्हणायचं, कागदावर सह्या-अंगठे घ्यायचे. बरीच प्रकरणं खरोखर मिटायची. काही मात्र पुढच्या पेरणीला पुन्हा उभी राहायची, आणि ती बहुतेक वेळा अशी की एकीकडे मोठा बागायतदार आणि दुसरीकडे त्याच्याच रानात रोजाने जाणारा माणूस. असं का होतं, हे शिकायला मी गेले होते.

त्याचं उत्तर मला तिथे मिळालं, म्हणून हा रिव्ह्यू इतक्या आपुलकीने लिहितेय. हा विभाग १९७३ साली क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथातल्या मंडळींच्या पुढाकाराने सुरू झाला. पहिले प्राध्यापक ॲडम कर्ल. १९६५ च्या युद्धानंतर भारत आणि पाकिस्तान यांच्यात, पुढे नायजेरिया आणि त्यातून फुटलेला बियाफ्रा यांच्या युद्धात क्वेकरांनी पडद्याआड मध्यस्थीचे प्रयत्न केले, त्यांत हे गृहस्थ होते. त्यांची मांडणी अशी: दोन बाजूंच्या ताकदीत फार अंतर असेल तर लगेच वाटाघाटीला बसवू नका. आधी दुबळ्या बाजूला आपल्या स्थितीची जाण यावी, मग तिने उभं राहून हक्क मागावा, त्यात संघर्षही आला. पारडं थोडं सारखं झालं की मगच बोलणी टिकतात. आधी बसवलंत, तर जो वर आहे तो वरच राहतो आणि वर कागदही त्याच्याच बाजूचा होतो.

सेमिनारला मी महाड मांडलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला, महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं, पण पाणी काही मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, त्यानंतर मारहाण झाली, खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला. वर्गात कुणाला महाड कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. तास संपल्यावरही चर्चा चालूच राहिली. शांतता बिघडवली कुणी, तळ्यावर गेलेल्यांनी की तळं अडवणाऱ्यांनी, यावर कोलंबियाची मैत्रीण आणि केनियाचा एक पोलीस अधिकारी चांगलेच भिडले.

मध्यस्थीच्या सरावाचा तास तर विसरणं शक्य नाही. मला भूमिहीन मजुराची भूमिका होती, समोर जमीनमालक. मध्यस्थ झालेल्या मुलाने वीस मिनिटांत पाण्याची निम्मी-निम्मी वाटणी सुचवली. सगळ्यांना पटली. बाईंनी तिथेच थांबवलं आणि त्याला एवढंच विचारलं, “उद्या सकाळी हिला कामावर कोण बोलावणार?” मग आम्हाला एकेक कोरा कागद देऊन, सही केल्यावर प्रत्येक बाजूला काय गमवावं लागेल ते लिहायला लावलं. मालकाच्या कागदावर दोन ओळी भरल्या. माझा कागद पाठपोट भरला. आता गावात बैठकीआधी मी हे दोन्ही बाजूंकडून वेगवेगळं बसवून करून घेते.

ग्रंथालयासाठी वेगळे गुण द्यायला हवेत. जे. बी. प्रीस्टली ग्रंथालयात कॉमनवील नावाचा स्वतंत्र संग्रह आहे. गांधी, अहिंसा, अण्वस्त्रविरोधी चळवळी यांवरची पुस्तकं आणि पत्रकं ओळीने लावलेली. जगभर टी-शर्टांवर दिसणारं ते गोलातलं शांतताचिन्ह जेराल्ड होल्टम यांनी १९५८ मध्ये काढलं, त्याची मूळ रेखाटनंही विद्यापीठाकडे जपलेली आहेत. शिवाय ट्रेनने थोड्याच वेळात सॉल्टेअर हे जुनं गिरणगाव गाठता येतं. तिथल्या सॉल्ट्स मिलमध्ये २०२४ पासून पीस म्युझियम आहे. परीक्षा संपायची वाट बघू नका, पहिल्याच महिन्यात जाऊन या.

गावही शिकवतं. पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये मंगला धरणात गावं बुडाल्यावर तिथल्या मीरपूरकडची हजारो माणसं ब्रिटनमध्ये आली, त्यांतली पुष्कळ इथल्या गिरण्यांत लागली. २००१ च्या जुलैत इथे मोठी दंगल झाली. आपण जे वाचतो ते ज्या रस्त्यांवर घडलं तिथूनच भाजी आणायला जातो. सुट्टीत आम्ही काहीजण उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला जाऊन आलो. तिथल्या संघर्षावरचा शांतता करार १९९८ चा, पण कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती अजून आहेत आणि काही दारं रात्री आजही बंद होतात. मी तिथे उभी राहून तंटामुक्तीच्या कागदांचाच विचार करत होते.

आता व्यवहाराचं. एक वर्ष फार धावपळीचं जातं, प्रबंधाचा विषय घरूनच ठरवून निघा. पुण्यातल्या एका कन्सल्टंटने मला ‘या विषयाला भाव नाही’ म्हणून मॅनेजमेंटकडे वळवायचा बराच प्रयत्न केला. अशांचं ऐकू नका, थेट विभागाला मेल करा. खर्च मात्र मोठा आहे, कर्ज काढून जाण्याआधी दहादा विचार करा. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. रोटरी पीस फेलोशिपमध्ये फी, राहणं, प्रवास सगळं येतं आणि ब्रॅडफर्ड त्यांच्या केंद्रांपैकी एक आहे. एम.ए.साठी तिथे तीन वर्षांचा अनुभव मागतात. नोकरी-घर सोडून वर्षभर जाणं जमणारच नसेल, तर पुण्यात सिंबायोसिसला रोटरीचं केंद्र आलंय, तिथला सर्टिफिकेट कोर्स अनुभवी लोकांसाठी आहे, त्याची चौकशी करा. अर्जात ‘मला जगात शांतता हवी’ असं लिहू नका. तुम्ही हाताळलेलं एक भांडण लिहा, त्यात कोण कुठे बसलं होतं आणि कोण गप्प होतं, हे सकट.