डिफेन्समनची वाट: ओएचएलची बस की कॉलेजचा वर्ग?

कॅनडातल्या ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाच्या आइस हॉकी रिंकवर शनिवारी सकाळी सहाला थर्मासमधला चहा ओतणारे मराठी आईबाप आता चांगलेच दिसतात. मुलगा आठ-नऊ वर्षांचा असेपर्यंत प्रश्न सोपे असतात: स्केट्स यंदा नवे घ्यायचे की जुनेच चालवायचे. पंधरावं लागलं, मुलगा ‘ट्रिपल ए’, म्हणजे वरच्या पातळीच्या, संघात डिफेन्स खेळतोय आणि ओंटारियो हॉकी लीगच्या, म्हणजे ओएचएलच्या, एखाद्या संघाचा माणूस वही घेऊन बसलेला दिसला, की घरात खरा वाद सुरू होतो. सोळाव्या वर्षी त्याला ज्युनियर लीगला पाठवायचं, की घरी ठेवून अठरा-एकोणीसला अमेरिकन कॉलेजात?

माझ्या मुलाबरोबर या वर्तुळात मी दहा वर्षं घालवली. फॉरवर्ड खेळणाऱ्या मुलाचा हिशोब वेगळा असतो. पुढचं सगळं डिफेन्समनपुरतं.

वेगळा का, तर ही जागा उशिरा पिकते. आपला डिफेन्समन बहुतेक वेळ उलटा स्केट करत असतो. आपल्या गोलमागे पडलेली पक, म्हणजे रबरी चकती, आणायला तो वळतो तेव्हा प्रतिस्पर्धी पूर्ण वेगाने त्याच्या पाठीवर येत असतो. पक हाती येण्याआधी मान वळवून मागे पाहायचं, धक्का कुठून येणार हे ओळखायचं, आणि अर्ध्या सेकंदात ती जोडीदाराला, भिंतीवरून की मधल्या गड्याला द्यायची ते ठरवायचं. फॉरवर्डची चूक झाली तर एक संधी हुकते, याची झाली तर पक आपल्याच जाळ्यात जाते. हे शहाणपण खाल्लेल्या धक्क्यांतूनच येतं, आणि त्याला वर्षं लागतात. शिवाय अंगात वजन लागतं, आणि ते सोळाव्या वर्षी सगळ्यांना येत नाही.

आता दोन वाटा समोरासमोर ठेवू.

ओएचएल ही कॅनेडियन हॉकी लीगची एक शाखा. दुसरी वेस्टर्न लीग, तिसरी क्वेबेकची. तिन्ही मिळून साठेक संघ, खेळाडू साधारण सोळा ते वीस वयाचे. ओएचएलमध्ये नियमित हंगामाचे 68 सामने असतात, म्हणजे सप्टेंबर ते मार्च आठवड्याला दोन-तीन. कॉलेज हॉकीत, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्या पहिल्या श्रेणीत, नियमित सामने याच्या जेमतेम निम्मे, बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी. सोमवार ते गुरुवार सराव, जिम आणि वर्ग. समोरचा प्रतिस्पर्धी मात्र बावीस-तेवीस वर्षांचा दाढीवाला गडी असू शकतो.

सामन्यांच्या या आकड्यांवरून आईबाप चटकन ओएचएलच्या बाजूला झुकतात: जास्त सामने म्हणजे जास्त शिक्षण. मीही तसंच धरून चाललो होतो. पण 68 सामन्यांपैकी आपला मुलगा बर्फावर किती असेल, हे आधी विचारायला हवं. संघात एका सामन्याला साधारण सहा डिफेन्समन, तीन जोड्या. पहिल्या जोडीतला वीस-पंचवीस मिनिटं खेळतो, तिसऱ्या जोडीतला सोळा वर्षांचा पोरगा दहा-बारा मिनिटं, आणि सामना अटीतटीचा झाला तर तिसऱ्या सत्रात बाकावरच. सातवा-आठवा असेल तर सूट घालून प्रेक्षकांत. अशा मुलाचं वर्ष बसमध्ये जातं, आणि सू सेंट मरीहून ऑटवापर्यंतची बस म्हणजे आठशे किलोमीटरच्या आसपास. वजन वाढवायला त्याला ना जिमचे दिवस मिळतात ना नीट झोप.

ओएचएलसारखी लीग टाळूनही पुढे जाता येतं, याचं सर्वांना ठाऊक उदाहरण म्हणजे कॅलगरीचा केल मकार. लहान चणीचा म्हणून वेस्टर्न लीगच्या निवडीत, म्हणजे संघ पाळीपाळीने खेळाडू उचलतात त्या ‘ड्राफ्ट’मध्ये, तो आठव्या फेरीपर्यंत खाली गेला. त्याने ती लीग घेतलीच नाही. अल्बर्टातल्या ब्रुक्स बँडिट्सकडून ज्युनियर ए, म्हणजे त्याखालची पातळी, खेळला आणि 2017 मध्ये एनएचएलच्या, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगच्या, निवडीत थेट चौथा उचलला गेला. त्यानंतरही तो घाईने वर गेला नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन वर्षं काढली, 2018 च्या ऑलिंपिकसाठी कॅनडाने विचारलं तर नको म्हणाला. 2019 मध्ये कॉलेज अंतिम सामना हरल्यावर दोनच दिवसांत तो कोलोरॅडोकडून प्लेऑफमध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल केला. पुढे सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी 2022 आणि 2025 मध्ये, मधे 2022 चा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद.

त्याच्या समोर लंडन, ओंटारियोचा ड्रू डाउटी ठेवा. पंधराव्या वर्षी ग्वेल्फ स्टॉर्ममध्ये गेला, तीन हंगाम ओएचएल खेळला, 2008 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच हिवाळ्यात लॉस एंजेलिसकडून एनएचएलमध्ये. विशीत ऑलिंपिक सुवर्ण, 2012 आणि 2014 मध्ये कप. त्याच्यासारख्याला कॉलेजची गरज नव्हती. पंधराव्या वर्षीच तो मोठ्यांसारखा खेळत होता, आणि संघाने त्याला मिनिटं दिली.

आपला मुलगा मकारसारखा पिकणारा की डाउटीसारखा, हे ओळखणं हाच सगळा प्रश्न. इथे आईबापांचा अंदाज फार चुकतो, आणि तज्ज्ञांचाही चुकतो. ओएचएल एखाद्या विलक्षण मुलाला नेहमीच्या वयाआधी एक वर्ष प्रवेश देते. एरन एकब्लॅड या डिफेन्समनला 2011 मध्ये तो मिळाला. 2014 मध्ये तो एनएचएलच्या निवडीत पहिला, 2024 आणि 2025 मध्ये फ्लोरिडाबरोबर कप. 2013 मध्ये तीच लवकर प्रवेशाची सवलत मिळालेला शॉन डे हाही डिफेन्समनच. मिसिसॉगा स्टीलहेड्सने त्याला घेतलं. हा संघ आता ब्रॅम्प्टनला आलाय. पण एनएचएलच्या निवडीत डे तिसऱ्या फेरीत घसरला आणि वरच्या लीगमध्ये मोजकेच सामने खेळला. आंबा आढीत कधी घालायचा हे कळायला हवं. कच्चाच काढला तर सुरकुततो.

आता शिक्षण. आपल्या घरांत ही बाब शेवटी येते असं दाखवतात, पण जेवणाच्या टेबलावर पहिली तीच असते.

कॉलेजच्या वाटेत पदवी आपोआप येते असा समज आहे. चांगला खेळाडू दोन-तीन वर्षांत निघून जातो, मकारनेही तेच केलं. तरी वर्ग सुटलेला नसतो, परतायचं दार उघडं राहतं. आयव्ही लीगची विद्यापीठं, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे, खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तिथे कुटुंबाच्या उत्पन्नावर मदत मिळते. ‘हार्वर्डची ऑफर’ ऐकून पेढे वाटण्याआधी हे पाहा.

ओएचएलचंही शिक्षणाचं पॅकेज असतं: साधारण खेळलेल्या एका हंगामामागे विद्यापीठाच्या एका वर्षाची फी. ते ठराविक मुदतीत वापरावं लागतं, आणि एनएचएलचा करार केला की बहुधा जातं. मार्क जिओर्दानो टोरांटोचाच. ओएचएलमध्ये ओवेन साउंडकडून दोन हंगाम खेळला, एनएचएलच्या निवडीत कोणीच घेतलं नाही. यॉर्क विद्यापीठात शिकायचं ठरलेलं असताना एनएचएलच्या कॅलगरी संघाने शिबिराला बोलावलं आणि तो गेला. मधे एक वर्ष मॉस्कोत खेळला, परत आला, संघाचा कर्णधार झाला, आणि 2019 मध्ये पस्तिसाव्या वर्षी नॉरिस जिंकली. निवड न झालेला मुलगा संपला असं मानू नका, विशेषतः डिफेन्समध्ये. पण त्याच्यामागे यॉर्कची खात्री होती, हेही धरा.

2025 पर्यंत हा वाद कठोर होता, कारण एकदा ओएचएलचा सामना खेळला की एनसीएएचं दार बंद व्हायचं. त्या लीगमध्ये एनएचएलचे करार झालेले मुलं खेळतात आणि खेळाडूंना थोडा हातखर्च मिळतो, म्हणून कॉलेजवाले तिला व्यावसायिक धरत. नोव्हेंबर 2024 मध्ये एनसीएएने ते बदललं आणि 1 ऑगस्ट 2025 पासून ज्युनियर लीगचे खेळाडू कॉलेजात चालू लागले, अट एवढीच की खर्चापलीकडे मानधन घेतलेलं नसावं. पहिल्याच वर्षी वेस्टर्न लीगमधल्या मेडिसिन हॅट संघाचा गॅव्हिन मॅकेना पेन स्टेट विद्यापीठात गेला.

आमच्या गटात यावर ‘आता दोन्ही मिळतं, प्रश्नच मिटला’ अशी प्रतिक्रिया आली. मला उलट वाटतं, प्रश्न अवघड झाला. पूर्वी कॉलेजच्या सहा डिफेन्समनांच्या जागांसाठी ज्युनियर ए आणि अमेरिकेतल्या ज्युनियर लीगची मुलं भांडायची. आता त्यांत ओएचएलमध्ये तीन हंगाम घासून आलेले वीस वर्षांचे गडी मिसळलेत. घरी राहून, ज्युनियर ए खेळून अठराव्या वर्षी कॉलेज मिळवणारा मुलगा त्यांच्या मागे उभा आहे. म्हणजे मकारची वाट बंद झाली नाही, पण अरुंद झाली.

माझं मत विचाराल तर असं. पंधरा-सोळाच्या वयात मुलाचं शरीर भरलं असेल, पहिल्या वर्षी पहिल्या चार डिफेन्समनांत खेळवू असं प्रशिक्षक म्हणत असेल, तर ओएचएल घ्या, आणि अठरा-एकोणीसला कॉलेजचा विचार राखून ठेवा. शरीर अजून काटकुळं असेल, उंची वाढत असेल, तर एक वर्ष घरी थांबा. सोळाऐवजी सतराव्या वर्षी ज्युनियरला जाणं म्हणजे मागे पडणं नव्हे. मुलाला ते तसं वाटेल, त्याच्या मित्रांना तर वाटेलच. शिकागोसाठी तीन कप जिंकलेला डंकन कीथ मिशिगन स्टेटला होता, दुसऱ्या वर्षी ते सोडून वेस्टर्न लीगमध्ये केलोना रॉकेट्सकडे गेला, मग दोन पूर्ण हंगाम नॉरफोकला खालच्या लीगमध्ये काढले. त्याने वाट अर्ध्यात बदलली आणि काही बिघडलं नाही.

घर सोडणं ही बाब आपल्यासाठी थोडी वेगळी. ओएचएलचा मुलगा दुसऱ्या गावात ‘बिलेट’ कुटुंबाकडे राहतो. माणसं बहुधा फार प्रेमळ असतात. पण शाकाहारी घरातल्या मुलाने दिवसाला चार वेळा भरपूर प्रथिनं कशी खायची हे आधी बोलून घ्या. ‘तो ॲडजस्ट करेल’ म्हणून सोडू नका, करत नाही. कॉलेजात तो मोठा असतो, मेसमध्ये निवड असते.

पैसे आणि करार. एनएचएलमध्ये 2025-26 चं किमान वेतन 7 लाख 75 हजार अमेरिकी डॉलर. त्याखालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये किमान सुमारे पन्नास हजार, आणि त्याही खाली आठवड्याच्या पगारावर जगणारे. 32 संघ गुणिले सहा म्हणजे एका रात्री एनएचएलच्या बर्फावर 192 डिफेन्समन, जगभरातून. या आकड्याकडे रोज पाहू नका, पण घर गहाण टाकायच्या आधी एकदा नक्की पाहा.

कॉलेजवाल्याच्या हाती एक हुकमाचं पान असतं. आपल्याला निवडणाऱ्या संघाशी करार न करता तो शिकत राहू शकतो. अ‍ॅडम फॉक्सला 2016 मध्ये कॅलगरीने तिसऱ्या फेरीत घेतलं. तो हार्वर्डला राहिला, त्याचे हक्क आधी कॅरोलायनाकडे आणि मग 2019 मध्ये त्याला हवे असलेल्या न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेले. 2021 ची नॉरिस त्याची. ज्युनियरच्या मुलाला उलट अडचण असते: निवड झाल्यावर अठरा-एकोणीसाव्या वर्षी तो एनएचएलसाठी कच्चा आणि ओएचएलसाठी जास्त पिकलेला असला, तरी एनएचएल आणि ज्युनियर लीगमधल्या जुन्या करारानुसार त्याला अमेरिकन हॉकी लीगमध्ये पाठवता येत नसे. ती गाठ आता थोडी सैल होतेय. डिफेन्समनला हा मधला टप्पा फार लागतो, म्हणून हे लिहिलं.

दुखापतींबद्दल कोणती वाट सुरक्षित असं म्हणायला मी धजावणार नाही. कॉलेजात तोंडावर पूर्ण जाळी सक्तीची आहे आणि मारामारी केली तर सामन्यातून बाहेर, पुढच्या सामन्यालाही बंदी. ज्युनियरमध्ये अर्धी काच, सामने दुप्पट. पण गुडघा गुडघाच असतो. बॉबी ऑर हा या जागेवरचा सर्वांत मोठा खेळाडू, चौदाव्या वर्षी ओशावाला गेला, सलग आठ नॉरिस जिंकला आणि गुडघ्यांपायी तिशीत निवृत्त झाला. ख्रिस चेलिओस विस्कॉन्सिन विद्यापीठातून आला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. यावरून कॉलेज गुडघे वाचवतं असा निष्कर्ष काढू नका, काळही वेगळा होता. एवढं मात्र धरा की सोळा ते वीसमधले सामने शरीराच्या खात्यावर लिहिले जातात.

मुलींसाठी हा वादच नाही. त्यांच्या बाजूला ओएचएलसारखी लीग नाही. कॉलेज हीच मुख्य वाट, आणि 2024 पासून पुढे पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीग.

एखाद्या संघाचा फोन आला तर सांगतो काय विचारायचं. तुमच्याकडे डाव्या हाताने शॉट मारणारे किती, उजव्या हाताने किती? उजव्या हाताचे डिफेन्समन कमी असतात. मुलगा उजव्या हाताचा असेल तर त्याची किंमत तुमच्या अंदाजापेक्षा जास्त आहे, हे त्यांना माहीत असतं. यंदा वीस वर्षांचे किती डिफेन्समन निघून जाणार? गेल्या वर्षी सोळा वर्षांचा डिफेन्समन किती सामने खेळला आणि किती मिनिटं? शाळा कोणती, चुकलेले दिवस कसे भरून काढतात? शिक्षणाच्या पॅकेजच्या अटी लेखी मागा, तोंडी नको, आणि हातखर्चाचं स्वरूप पुढे कॉलेजच्या आड येणार नाही ना, हे सही करण्याआधी त्या कॉलेजच्या नियम पाहणाऱ्या कार्यालयाकडून विचारून घ्या.