पॉवरशेल ७ : शेलमध्ये स्वतःचे एक्सेप्शन क्लास हवे असतील तर हे वापरून बघाच

बरीच वर्षं बॅशमध्येच (लिनक्सवर कमांड देण्याचं नेहमीचं शेल) स्क्रिप्ट लिहितोय आणि बॅश मला मनापासून आवडतं, पण एररचा विषय निघाला की तिथे हातात येतो फक्त एक आकडा, ० ते २५५ मधला एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना मागे ठेवते तो. १२७ म्हणजे कमांड सापडलीच नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता येत नाही, इथवर ठीक आहे. पण बॅकअपची स्क्रिप्ट डिस्क भरली म्हणून थांबली की फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलीय म्हणून, हे सांगायला मी ४० आणि ४१ असे आकडे ठरवले होते, आणि कुठली फाइल ते त्या आकड्यात मावतच नाही ना.

मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल या शेलमध्ये ५.० पासून क्लास आले, त्यामुळे स्वतःचे एक्सेप्शन, म्हणजे माहिती सोबत नेणारे एररचे प्रकार, बनवता येतात, आणि हा प्रश्न सुटला. क्लासला नाव द्यायचं, समजा फाइललॉकएरर, पुढे कोलन देऊन सिस्टम डॉट एक्सेप्शन, आत पाथ नावाची प्रॉपर्टी, आणि कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) मेसेज बेसकडे, म्हणजे मूळ क्लासकडे, पाठवायचा, झालं काम. डिस्क भरल्यासाठीही असाच दुसरा क्लास करायचा. थ्रो करताना, म्हणजे एरर फेकताना, फाइलचा पाथ त्यातच भरायचा, खाली दोन कॅच, म्हणजे ती एरर पकडणारे भाग, लिहायचे, लॉकवाला आला तर पाच सेकंद थांबून परत प्रयत्न, डिस्कवाला आला तर सगळं थांबवायचं. मेसेजमधले शब्द ग्रेप करत (शोधत) बसायला लागत नाही, याचं मला खरंच फार समाधान आहे. फक्त एवढं लक्षात ठेवा की कॅचमधला डॉलर-अंडरस्कोर म्हणजे तुमचा ऑब्जेक्ट नाही, तो एरररेकॉर्ड, म्हणजे एररभोवतीचं वेष्टण, असतो, तुमचा पाथ त्याच्या डॉट एक्सेप्शनच्या आत मिळतो.

आता खटकलेलं. कॉपी-आयटमसारख्या कमांडच्या बऱ्याच एरर नॉन-टर्मिनेटिंग, म्हणजे स्क्रिप्ट न थांबवणाऱ्या, असतात, लाल अक्षरं दिसतात पण कॅच चालतच नाही, एररअ‍ॅक्शन स्टॉप दिलं की मगच पकडता येतात, नवीन माणूस इथे हमखास अडकतो. दुसरं म्हणजे क्लास मॉड्यूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या कोडच्या वेगळ्या फाइलमध्ये, ठेवला तर इम्पोर्ट-मॉड्यूलने त्याचं नाव स्क्रिप्टला कळत नाही, फाइलच्या अगदी वर युझिंग मॉड्यूल लिहावं लागतं, आणि मॉड्यूलमधला क्लास बदलला की सेशन बंद करून नवीन उघडा, नाहीतर जुनाच क्लास चालत राहतो आणि आपण उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो.