दापोली तालुका शेतीघर थाटायला कसा आहे? पावसाळा आणि उन्हाळा राहून पाहिल्यावर

दापोलीत जमीन बघायला येणारे बहुतेक लोक पावसाळा सरल्यावर येतात. सगळं हिरवंगार, वहाळ (ओढे) वाहतायत, विहिरी काठोकाठ. एजंटही त्याच दिवसांत खुशीत असतो. माझं ऐकाल तर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात या. जमीन सावकाश बघा, आधी विहिरीत डोकवा.

आम्ही नवरा-बायको इथल्या एका गावात भाड्याचं घर घेऊन राहतोय. नोकरी घरून चालते. घर, थोडं भात, परसबाग, काजू-आंब्याची झाडं असा संसार इथे उभा राहील का, हे विकत घेण्याआधी बघायचं होतं. हे लिखाण तेवढ्यापुरतंच. समुद्राचं कौतुक इतरांनी भरपूर केलंय.

वर्षाला सरासरी 3500 मिलिमीटर पाऊस, म्हणजे पुणे शहराच्या चार-पाचपट. तरी एप्रिल-मेमध्ये काही वाड्यांवर टँकर येतो. खाली जांभा (सच्छिद्र तांबडा दगड) आहे, पाणी त्यातून झिरपतं आणि उतारानं खाडीकडे निघून जातं. त्यामुळे 'सड्यावरची (उघड्या कातळाच्या पठारावरची), व्ह्यूवाली' जमीन शेतीघरासाठी जवळजवळ निरुपयोगी समजा. कातळावर माती वीतभरसुद्धा नसते. आसूदसारख्या ठिकाणी वहाळाच्या पाण्यावर पोफळीच्या (सुपारीच्या) बागा उभ्या आहेत, तिथली गोष्ट वेगळी, पण असं पाणी असलेली जमीन कोण विकतो? बोअरचा भरवसा धरू नका. शेजारच्या दोन बोअरमध्ये एकीला पाणी आणि दुसरीला नुसती धूळ, असं इथे सर्रास आहे. नव्या कलमांसाठी मात्र जलकुंड हा स्वस्त उपाय आहे: खड्डा, आत प्लास्टिकचा कागद, पावसाचं पाणी साठवायचं, वरून गवतानं झाकायचं. बाकी दापोलीचं कृषी विद्यापीठ (1972 पासूनचं) हा या तालुक्याचा खरा फायदा आहे. खात्रीची काजूची कलमं, वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7, हाकेच्या अंतरावर मिळतात, आणि प्रश्न विचारला तर उत्तर देणारी माणसं भेटतात.

आता कागद. शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर महाराष्ट्रात शेतजमीन सहज घेता येत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. सातबारावर तीस-तीस नावं असतात, हे इथे आल्यावर कळतं. निम्मे हिस्सेदार मुंबईत, काही वारलेले, वारसनोंद झालेली नाही, आणि त्यांतला एक चुलतभाऊ सही द्यायला तयार नाही. जमीन सामाईक असेल आणि वाटप झालेलं नसेल, तर भाव कितीही कमी असला तरी मी तिच्या वाटेला जाणार नाही. सातबारावरच्या 'इतर हक्कां'त कुळाचं (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं) नाव आहे का, खाजगी वनाचा शेरा आहे का, आणि जमिनीपर्यंत जाणारी वाट नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर, तेही बघा. पायवाट म्हणजे रस्ता नव्हे. चिऱ्यांचा (बांधकामाच्या जांभ्या दगडांचा) ट्रक आत येणार कसा?

मग खंडानं (कसायला भाड्यानं) घेऊन बघू, असं आम्ही ठरवलं. पडीक मळ्या (भाताची खाचरं) गावात कितीतरी. पण लेखी द्यायला कोणी तयार होईना. शेजारचे आजोबा म्हणाले, "कस रे बाबा, खुशाल कस. पण कागद नको." 1 एप्रिल 1957 ला कसणारी कुळं जमिनीची मालक ठरली, त्याची आठवण कोकणात अजून ताजी आहे. 'कूळ लागेल' ही भीती घराघरात आहे आणि तिला कारणही आहे. शेवटी तोंडी बोलीवर थोडं भात लावलं. बोली त्यांनी पाळली, आम्हीही.

भात झालं. भाजीचं मात्र वानरांनी काही ठेवलं नाही. वांगी, पपई, भोपळ्याचा वेल, कोवळी फणसं, सगळं. सौर कुंपण रानडुकराला थोपवतं, वानर झाडावरून येतं. हळद आणि मिरी तेवढी वाचली. परसातल्या भाजीवर घर चालवायचं स्वप्न असेल तर जाळीचा पिंजरा बांधायचा खर्च धरा, नाहीतर बाजारातली, घाटावरून आलेली भाजी विकत घ्या. कोकणात राहून कोल्हापूर-साताऱ्याकडची कोबी खायची! हर्णै बंदरावरच्या लिलावातली मासळी हा त्यावरचा उतारा, अर्थात तुम्ही खात असाल तर.

मनुष्यबळ ही दुसरी अडचण. तरुण माणसं मुंबईत, गणपती-शिमग्याला घरं उघडतात. लावणीला सगळ्यांना एकाच आठवड्यात माणसं हवी असतात, म्हणून पैसे देऊनही ती मिळत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबाबागा राखायला नेपाळी कुटुंबं येऊन राहतात, ते यामुळेच. माणसं नाहीत म्हणून जमीन पडीक, पडीक म्हणून गवत माजतं, आणि फेब्रुवारीनंतर वणवा. बागेभोवती जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेला पट्टा) दरवर्षी काढावी लागते. पुण्यात राहून शनिवार-रविवारी येणाऱ्याच्या बागा जळतात, कारण आग मंगळवारी लागते.

घर बांधायला चिरा जवळच मिळतो. छपराचा विचार मात्र 3 जून 2020 लक्षात ठेवून करा. निसर्ग चक्रीवादळानं दापोली-मंडणगडमधली कौलं, पत्रे, नारळी-पोफळी आडव्या केल्या, काही गावांना कित्येक आठवडे वीज नव्हती. एरवीही पावसाळ्यात वीज जाते, दिवसभर जाते. इन्व्हर्टर घेतलाच. रेल्वेस्टेशन खेडला, तीसेक किलोमीटरवर. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या दुखण्याला डेरवणचं रुग्णालय नाहीतर रत्नागिरी. जांभ्याच्या गडग्यात (दगडी कुंपणात) फुरसं हा विषारी साप असतो. रात्री बॅटरी आणि बंद बूट, यात सूट नाही.

पैशाबद्दल: काजू चौथ्या वर्षाच्या आसपास हाताला लागतो, हापूसला त्याहून जास्त थांबावं लागतं. तोवर बाहेरचं उत्पन्न नसेल तर इथे येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते असेल, तर मी या तालुक्याला पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा गुण निव्वळ शेजाऱ्यांचा.

आम्ही राहणार आहोत. एकर-दोन एकराचा नाद सोडला, वहाळालगतची तीसेक गुंठ्यांची, एकाच नावावरची जमीन बघतोय. दोन पाहून ठेवल्यात. एकीला विहीर आहे, रस्ता नाही. दुसरीचं नेमकं उलटं. विहीरवालीच्या मोजणीचा अर्ज मालकानं केलाय. मोजणी झाल्याशिवाय बयाणा देणार नाही, हे त्याला सांगून ठेवलंय.