एचएसईची ३५ प्रश्नांची ताण-प्रश्नावली : वापरून पाहिल्यावर

‘कर्मचाऱ्यांचा ताण मोजा’ असं वरून फर्मान आलं की आम्ही एचआरवाले आधी एखादं चकचकीत ॲप शोधतो. मी यावेळी ब्रिटनच्या सरकारी आरोग्य व सुरक्षा यंत्रणेची, म्हणजे एचएसईची, प्रश्नावली घेतली. फुकट आहे, आकडेमोडीची एक्सेल फाईल सोबत मिळते आणि कुणी सेल्सवाला मागे लागत नाही.

प्रश्न म्हणजे साधी विधानं. ‘विश्रांती कधी घ्यायची ते मी ठरवू शकते’, ‘मला दिलेल्या मुदती गाठणं अशक्य असतं’, अशा धर्तीची. पहिल्या २३ विधानांना ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ आणि उरलेल्या १२ ना ‘अजिबात पटत नाही’ ते ‘पूर्ण पटतं’ अशी उत्तरं. विषय सहा: कामाचा भार, कामावरचा ताबा, आधार, आपसातले संबंध, भूमिका आणि बदल. आधाराचे पुन्हा दोन भाग, साहेबांचा वेगळा नि सहकाऱ्यांचा वेगळा, हे मला फार आवडलं.

खरी गंमत भार आणि ताबा शेजारी ठेवून बघण्यात आहे. भार जास्त आणि ताबा कमी, ही जोडी माणसाला पोखरते हा रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार. आमच्या अकाउंट्सवर महिनाअखेरीला भार असतो हे सांगायला प्रश्नावली कशाला हवी? पण त्यांचा ताबा चांगला निघाला. उलट कॉल घेणाऱ्या टीमचा भार मध्यम आणि ताबा पार गाळात. जागेवरून उठायचं तरी त्यांना सुपरवायझरला विचारावं लागतं. हे एवढं कळलं तरी प्रश्नावली वसूल.

आता तक्रार. कंत्राटावरच्या एका मुलीने सगळीकडे ‘छान’ भरलं आणि हळूच विचारलं, ‘मॅडम, याचा रिन्यूअलशी काही संबंध नाही ना?’ तिचा सगळ्यात मोठा ताण तोच, आणि ३५ पैकी एकही प्रश्न नोकरी जाण्याच्या भीतीबद्दल नाही!

डेन्मार्कच्या ‘कोपसॉक’ या प्रश्नावलीत तो आहे. बेरोजगार होण्याची काळजी वाटते का, हे विचारून ती थांबत नाही. नोकरी गेलीच तर दुसरी मिळणं अवघड जाईल अशी काळजी वाटते का, हेही विचारते. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच मॅनेजरच्या हातात नसतं. ते देशाच्या धोरणात असतं. डेन्मार्कमध्ये माणसाला कामावरून काढणं तुलनेने सोपं आहे. पण बेरोजगारी विम्याचा सभासद असलेल्याला अटी पूर्ण केल्यावर आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत, कमाल मर्यादेच्या आत, साधारण दोन वर्षं भत्ता मिळू शकतो. सोबत प्रशिक्षण आणि काम शोधायला मदत, आणि ती घेण्याची सक्तीही. पन्नाशीपुढच्या नोकरदारांची युरोपातल्या देशादेशांत तुलना करणाऱ्या अभ्यासांतही असंच दिसतं: अशा सक्रिय रोजगार धोरणांवर भर देणाऱ्या देशांत कामाचा ताण सरासरीने कमी. एकामुळेच दुसरं घडतं असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही. तरी एचआरने योगाचे वर्ग भरवून हा फरक भरून निघणार नाही, एवढं मी म्हणेन.

भरलेला कागद कोणाच्या हातात जातो, यावर एचएसईची फाईल काही करू शकत नाही. जपानने ते कायद्यातच बांधलंय. डिसेंबर २०१५ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी वर्षातून एकदा ताण-तपासणी देणं मालकावर बंधनकारक आहे, कर्मचाऱ्यावर मात्र ती करून घेण्याची सक्ती नाही. निकाल थेट कर्मचाऱ्याला मिळतो. त्याच्या संमतीशिवाय मालकाला बघता येत नाही. ‘रिन्यूअलशी संबंध नाही ना?’ याला तिथे निदान कायद्याचं उत्तर आहे. माझ्याकडे फक्त ‘नाही गं’ होतं.

आणखी एक. एचएसईचा हा सगळा साचा २००४ च्या सुमाराचा, त्यामुळे रात्री साडेदहाला येणाऱ्या मेसेजबद्दल एक अक्षर नाही. फ्रान्सने २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामाबाहेरच्या वेळेत ‘डिसकनेक्ट’ राहण्याच्या हक्कावर वाटाघाटी करायला लावल्या, पण प्रश्नावली अजून ‘जादा तास काम करायचा दबाव येतो का’ इथेच आहे.

पाचपैकी साडेतीन. कायम नोकरीवाल्यांच्या मोठ्या विभागाला बिनधास्त द्या. कंत्राटी लोक असतील तर कोपसॉकमधले ते दोन प्रश्न जोडा. मी जोडलेत, पुढच्या फेरीला जातील. पाच-सहा जणांच्या टीमला देऊ नका, नाव न लिहिताही कोण कोण ते लगेच कळतं.